बिनसाखरेचा हिरवा केक

माझ्या आईने अकरा वर्षं गोड खाल्लं नाही. मधुमेह वगैरे काही नव्हता. तिने गोड सोडलं होतं, जसं कुणी काशीला जाऊन आवडती भाजी सोडतं तसं. फरक एवढाच की काशीला सोडलेली भाजी परत धरायची नसते, आणि आईने परत धरायची अट घालून सोडलं होतं. माझा धाकटा भाऊ घरी येईल, या घरात बसून गोड खाईल, त्या दिवशी ती खाणार होती.

चहातली साखर मात्र तिला चालायची. हे मी तिला एकदा चिडून विचारलं होतं, तर म्हणाली, "चहा म्हणजे काय गोड? चहा तो चहा." नवस तिचा, नियम तिचे. संक्रांतीला कुणी तिळगूळ दिला की ती तो कपाळाला लावायची आणि माझ्या हातावर ठेवायची. प्रसादाचा शिरा, बारशाचे पेढे, लग्नाची जिलबी, सगळं माझ्या पानात. माझं वजन वाढलं ते तिच्या नवसाने, असं मी चाळीत सगळ्यांना सांगायचे आणि लोक हसायचे. मीही हसायचे. घरी आले की हसू यायचं नाही.

भाऊ गेला तो दसऱ्याला. भरल्या ताटावरून उठून गेला. त्याने बँकेतली नोकरी कुणाला न सांगता सोडली होती आणि दोन महिने रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडत होता. तो डबा मी भरायचे, साडेसहाला उठून. तो कुठे बसून खात होता देव जाणे. माझ्या ऑफिसातल्या एकीचा नवरा त्याच्याच शाखेत होता, तिच्याकडून मला कळलं. मी त्याला काही विचारलं नाही. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी गॅलरीत बाबा एकटे उभे होते, त्यांना जाऊन सांगितलं. त्याच्या भल्यासाठी सांगितलं, असं मी पुढे पुष्कळ वर्षं मनाशी घोळवलं. खरं सांगायचं तर मला राग आला होता. साडेसहाला उठण्याचा राग.

बाबांनी ते दुसऱ्या दिवशी पंगतीत काढलं. आयतं खाणाऱ्याला या घरात जागा नाही, म्हणाले. आई पुऱ्या वाढत होती. ती एवढंच म्हणाली, "आधी जेवून घ्या, मग बोला." भावाने माझ्याकडे पाहिलंच नाही. त्याने आईकडे पाहिलं, हात धुतला आणि गेला. आईने सांगितलं असणार आणि आता ती गप्प बसली आहे, असं त्याला वाटलं असावं. मी तेव्हा तोंड उघडलं नाही आणि नंतरही कधी उघडलं नाही. ते ताट आईने झाकून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने ते उचललं आणि गोड सोडलं.

चार वर्षांनी बाबा गेले तेव्हा तो आला, पण परस्पर चंदनवाडीला आला. अग्नी दिला आणि तिथूनच गेला. आम्ही बायका घरी. चंदनवाडीच्या स्मशानातून आमची फणसवाडी चालत किती मिनिटांवर आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. नंतर मामाकडून कळलं, तो बंगळूरला असतो, लग्न केलंय, मुलगी झालीय. मामाकडे त्याचा ईमेल होता. आमच्याकडे आईचा नवस होता.

बाबा गेल्यावर मी ओव्हन घेतला. घरात दोन बायका, दोन खोल्या आणि रविवार. दादरला एका बाईंकडे दोन दिवस जाऊन बिनअंड्याचे केक शिकून आले, कारण आमच्या ओट्यावर अंडं फुटलेलं नाही आणि आईच्या हयातीत फुटणारही नाही. तांदळाच्या कोठीवर ओव्हन बसवला. तो लावला की गीझर बंद ठेवायचा, नाहीतर फ्यूज उडून आख्खा मजला शिव्या घालतो. पण हाताला चव होती माझ्या, स्वतःच्या तोंडाने सांगते. शेजारच्या काकू तर वासावर यायच्या. मजल्यावर कुणाचा वाढदिवस असला की केक माझा.

तो केक कापायची आई. सारखे तुकडे करायची, ताटलीत लावायची, प्रत्येक दारात नेऊन द्यायची, सुरी धुऊन ठेवायची. चाखायची मात्र नाही. वासावरून सांगायची, "आज जरा जास्त भाजला." तेही बरोबर असायचं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, त्यातलाच प्रकार. जो गेला त्याच्यासाठी तिने तोंडचं सोडलं होतं, आणि जी राहिली तिच्या हातचा एक घास तिला चालत नव्हता. मला वाटायचं, हिने एकदा माझ्या हातचं गोड खावं. तिने खाल्लं तर मी गॅलरीत जे बोलले ते कुठेतरी फिटेल. असं काही फिटत नसतं हे मला कळत होतं, तरी वाटायचं.

मागच्या वर्षी ऑफिसातली एक मुलगी नवऱ्याबरोबर जपानला जाऊन आली. तिने आम्हा सगळ्यांना माचाचे एकेक छोटे डबे आणले. हिरव्या चहाच्या पानांची वस्त्रगाळ पूड, मेंदीपेक्षा बारीक. आता तर गिरगावातसुद्धा काचेची दारं असलेल्या दुकानांत ते हिरवं दूध ग्लासात मिळतं, पण मला तेव्हा त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. पूड दिसली की मला केक दिसतो. कोको घालतो अर्धी वाटी, म्हणून मी माचा घातला अर्धी वाटी. डबा जवळपास रिकामाच झाला.

त्या मंगळवारी कसलीशी सुट्टी होती. आई सकाळीच प्रभादेवीला गणपतीला गेली होती. मी केक बाहेर काढला तर गणपती करायला गेले आणि मारुती झाला. शेवाळ साचलेल्या हौदाचा असतो तसा रंग. काकूंनी एक घास घेतला आणि त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. "काय गं, पाडव्याचा कडुनिंब उरला होता का?" म्हणाल्या आणि पाणी मागितलं. साखर मी नेहमीइतकीच घातली होती, पण त्या कडूपणाखाली ती पार दबून गेली होती.

दुपारी आई आली. पायसुद्धा न धुता खुर्चीवर बसली. मला वाटलं, रांगेत उभं राहून दमली. माझं डोकं आधीच फिरलेलं होतं, एवढं लोणी आणि एवढा परदेशी डबा वाया गेला म्हणून. मी तुकडा बशीत घालून तिच्यापुढे आदळला आणि थट्टेने म्हणाले, "घे, खा. यात गोड औषधालासुद्धा नाही. आणि हा चहाच आहे, जपानचा. चहा चालतो ना तुला?"

आईने बशीकडे पाहिलं. मग ती पुढे ओढली आणि एक तुकडा तोडून तोंडात घातला. पुष्कळ वेळ चावत होती.

"कडू आहे," म्हणाली.

"मग? सांगतेय काय मी?"

"चालेल."

तिने सगळा तुकडा खाल्ला. बशीतला चुरा बोटाने टिपून खाल्ला. मी स्वयंपाकघरात गेले, नळ मोठा सोडला आणि रडले. मला इतका आनंद गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता, आणि तो झाला होता फसलेल्या केकमुळे.

त्यानंतर मी दर रविवारी तिच्यासाठी माचाचं काही ना काही करायला लागले. नवा डबा मागवला. आता मी शहाणी झाले होते. पूड आधी बारीक चाळणीने चाळायची, नाहीतर गुठळ्या होतात. कोमट दुधात ताकाच्या रवीने घुसळून घ्यायची. ओव्हन फार तापवायचा नाही, नाहीतर हिरवा रंग मरतो आणि केक शेणकुटासारखा दिसतो. आणि अर्धी वाटी नव्हे, दीड चमचा पुरे. पण एकदम दीड चमच्यावर आले असते तर आईच्या जिभेला कळलं असतं. म्हणून मी उतरत उतरत आले. पहिल्या रविवारी पाच चमचे, मग चार, मग साडेतीन. साखर कायम तेवढीच. नारळाच्या वड्यासुद्धा केल्या, पोपटी रंगाच्या. पावसाळा संपेपर्यंत मी दोन चमच्यांवर आले होते आणि केक चांगला लुसलुशीत आणि चक्क गोड होत होता.

"कडू आहे ना?" मी दर वेळी विचारायचे.

"आहे," आई म्हणायची.

तिच्या गालांवर थोडं मांस आलं. काकू म्हणाल्या, तुझ्या आईचं तोंड जरा भरल्यासारखं दिसतंय. मला विजय मिळाल्यासारखं वाटायचं आणि रात्री त्याचीच भीती वाटायची. माझा नवसावर विश्वास नाही. पण नवस मोडण्याच्या भीतीवर आहे. आईला माहीत नसताना मी तिचा नवस मोडत होते. ज्याला मी घराबाहेर काढला त्याची परत यायची वाटही मीच बंद करतेय, असं वाटायचं. तरी रविवार आला की माझा हात साखरेच्या डब्याकडे जायचाच.

दिवाळीनंतर चाळीची बैठक झाली. इमारत पाडून टॉवर व्हायचा, हे आम्ही लहानपणापासून ऐकत होतो, पण या वेळी खरोखर कागद आले. आमची खोली बाबांच्या नावावर. ती आईच्या नावावर करायची तर दोन्ही मुलांची संमती हवी. बिल्डरच्या कचेरीतला माणूस म्हणाला, "सगळ्या वारसांना सहीला बोलवा."

मी उडालेच. जे अकरा वर्षांत कुणाला जमलं नाही ते एका कागदाने होणार होतं. मामाला सांगून भावाला ईमेल करवला. उत्तर आलं, बघतो. मला तेवढं पुष्कळ होतं. मी आईला म्हणाले, "आता येईल बघ. यावंच लागेल."

"बघू," आई म्हणाली.

मी बाहेरच्या खोलीला रंग काढून घेतला. चाळीतले लोक हसले, पाडायची इमारत रंगवतेय म्हणून. हसू देत. नव्या चादरी आणल्या. त्याच्या मुलीसाठी खेळणं आणावं का, यावर दोन दिवस घालवले. त्याला गोड काय करू, असं आईला विचारलं तर ती म्हणाली, "त्याला आता काय आवडतं, मला काय माहीत?" मला तिचा राग आला. एवढी वर्षं हिने वाट पाहिली आणि आता माणूस दाराशी यायची वेळ झाली तर हिला उत्साह नाही.

आणि मी आईला केक देणं बंद केलं. भीतीच तशी होती. तो येईपर्यंत तरी नवसाला धक्का लागायला नको. झालं ते झालं, पण निदान आता तरी नको. तिसऱ्या रविवारी आईनेच विचारलं, "हिरवा केक नाही का आज?"

"पूड संपली," मी म्हणाले. डबा ओट्याखालच्या फडताळात अर्धा भरलेला होता. आईचा चेहरा पडला, तो मला दिसला.

शनिवारी दुपारी कुरिअर आलं. मोठं खाकी पाकीट. आत प्रतिज्ञापत्र होतं, बंगळूरच्या नोटरीचा शिक्का, प्रत्येक पानावर सही. खोलीवर माझा काही हक्क नाही, आई आणि बहीण जे करतील त्याला माझी हरकत नाही, असं इंग्रजीत लिहिलेलं. वर एक फोटो चिकटवलेला. मी पाकीट उलटं करून झटकलं. आत बोट घालून पाहिलं. चिठ्ठी नव्हती. त्याला यावं लागलंच नाही. सहीला माणूस लागत नाही, हे मला, आयुष्यभर ऑफिसात कागद हलवणाऱ्या बाईला, कळायला हवं होतं.

फोटो मी आईला दाखवला. मला तो एकदम ओळखू आला नाही. कपाळावरचे केस गेले होते, थेट बाबांसारखा दिसत होता. आईने फोटो डोळ्यांजवळ नेला.

"फोटोत बारीक दिसतो," म्हणाली आणि कागद परत दिला.

रविवारी मी केक केला. दीड चमचा माचा आणि साखर तर नेहमीपेक्षाही जास्त पडली, हाताला भान नव्हतं. आईसमोर बशी ठेवली. तिने अर्धा तुकडा खाल्ला असेल, तोवर मला राहवेना.

"आई, यात साखर आहे," मी म्हणाले. "पहिल्यापासून आहे. दर रविवारी होती. मी तुला खोटं सांगितलं. तुझा नवस मी मोडला. म्हणून तो आला नाही."

मला वाटलं ती बशी सारेल. रडेल. निदान मला बोलेल. मी त्याची तयारी करून बसले होते. खरं तर मला ते हवंच होतं.

"माहीत आहे," आई म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"साखर. पहिल्याच घासाला कळलं. जिभेला काय अकरा वर्षांत विसरायला होतं?"

"मग खाल्लंस कशाला?"

आईने बशी मांडीवर घेतली. ती सांगायला लागली तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखाच होता, भाजीवाल्याकडे काय मिळालं हे सांगावं तसा.

"त्या दिवशी मी प्रभादेवीला गेले होते ना, तिथे तो होता. दर्शन घेऊन बाहेर आला होता. बरोबर बायको आणि मुलगी. चपला ठेवतात तिथे उभा होता. मी समोरूनच येत होते, इथून त्या दारापर्यंत असेल एवढ्या अंतरावर. त्याने पाहिलं मला. अगदी नीट पाहिलं. मग तो चप्पल घालायला खाली वाकला. चप्पल घालून झाली, तरी तो वाकलेलाच राहिला. मुलगी त्याचा शर्ट ओढत होती, बाबा चला, बाबा चला. तो काही वर बघेना."

"त्याला हाक का नाही मारलीस?" एवढंच शेवटी मी म्हणाले.

"मी उभी राहिले असते तर त्याला तसंच वाकून राहावं लागलं असतं," आई म्हणाली. "किती वेळ राहणार? लहानपणापासून पाठ धरते त्याची. म्हणून मी पुढे निघून गेले."

"आणि मला सांगितलं नाहीस? मी खोली रंगवली, आई. चादरी आणल्या."

"तुला एवढी आशा होती. मी कशाला मोडू? आणि त्या दिवशी घरी आले तर तू तो केक पुढे केलास. म्हटलं, आता कुणासाठी सोडायचं?"

ती हे सहज म्हणाली. पण मला कळलं की या घरात त्याची वाट बघणारी मी एकटीच उरले होते, आणि तेही गेले सात-आठ महिने. ज्या दुपारी मी नळ सोडून आनंदाने रडले, ती आईची वाट बघणं संपल्याची दुपार होती. तिने माझ्या हातचं खाल्लं ते मला माफ करून नव्हे. माफ करायला तिला काही ठाऊकच नव्हतं.

"मुलगी कशी आहे?" मी विचारलं.

"सावळी आहे. तुझ्यासारखी," आई म्हणाली.

मग तिने उरलेला अर्धा तुकडा सावकाश खाल्ला. बोटं पदराला पुसली. "पुढच्या वेळी साखर जरा बेतानेच घाल," म्हणाली, "एवढं गोड आता मला सोसत नाही."

बाबांना मीच सांगितलं होतं, आईने नाही, हे त्याला कळवायला हवं होतं. निदान तिला तरी तेव्हा सांगायला हवं होतं. ती समोर बसली होती, आम्ही दोघीच होतो, दारही लोटलेलं होतं. मी तिच्या हातातली बशी घेतली आणि धुवायला गेले.